कडीबाईंची दहा मिनिटं

त्या रुग्णालयात चार मजले आहेत, एकशे बारा दारं आहेत आणि आतून लावायची कडी एकच आहे. नियमच तसा: रुग्ण आत कोसळला तर दार फोडत बसायला नको, म्हणून कुठल्याच खोलीला आतून कडी नाही. बाथरूमलासुद्धा नाही, तिथे माणसं खाकरत राहतात किंवा गाणं म्हणतात. अपवाद तळमजल्यावर, औषधांच्या खिडकीला लागून. पूर्वी तिथे चादरी ठेवत. त्या दाराला आतून वीतभर पितळी कडी आहे आणि ती घातली की असा खणखणीत आवाज होतो, की बाहेरच्या बाकावर पेंगणारा माणूस आपल्यावर काही आरोप झाल्यासारखा सरळ बसतो.

ही कडी ज्यांनी बसवून घेतली त्या परिचारिकेला सगळं रुग्णालय पाठीमागे कडीबाई म्हणतं आणि तोंडावर सिस्टर. दोन्ही हाकांना त्या ओ देतात. वय सत्तावन्न, उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा, पायात रबरी तळाचे बूट. त्या मागून आल्या तर कळत नाही. शिकाऊ डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांचं अज्ञान त्यांनी असंच मागून ऐकलेलं आहे आणि कुणाला सांगितलेलं नाही.

गर्भपातासाठी आलेली, आणलेली किंवा पाठवलेली प्रत्येक बाई वरच्या मजल्यावर जाण्याआधी या खोलीतून जाते. कागदावर या कामाला समुपदेशन म्हणतात. कडीबाई त्याला ‘विचारणं’ म्हणतात. बाईबरोबर तिची माणसंही आत शिरतात. त्या शिरू देतात, उभ्याउभ्या सगळ्यांचं ऐकून घेतात, मान डोलावतात आणि मग एकच शब्द बोलतात.

"बाहेर."

नवरा असो, सासू असो, सख्खी आई असो, नात्यातला वकील असो. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "अहो, पण मी तिचा बाप आहे." कडीबाई म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हाला बाकावर पहिली जागा."

मग कडी. मग दहा मिनिटं. पहिली दोन-तीन मिनिटं त्या काहीच विचारत नाहीत. टेबलावर जाळीदार पट्टीच्या कापडाचा ढीग असतो, त्याच्या घड्या घालत बसतात. समोरची बाई थोडा वेळ पाहते आणि मग न सांगता स्वतःही एक तुकडा उचलते. कुठल्याही घरातल्या बाईला समोर कापडाचा ढीग दिसला की हात आवरत नाहीत, हे त्यांचं एकमेव वैद्यकीय संशोधन. हात कामाला लागले की त्या म्हणतात, "बाहेर कोणाला काय पाहिजे ते मला कळलं. आता तुझं सांग."

काही जणी लगेच सांगतात. काही रडतात. काही म्हणतात, "ते म्हणतील तसं."

"ते बाहेर आहेत."

एखादी म्हणते, "मला माहीतच नाही." तिला त्या म्हणतात, "मग परवा सकाळी ये. आठवडे मी मोजते, तू फक्त विचार कर." आणि खरोखर मोजतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीची टिंबं असतात. त्यांचा अर्थ त्यांच्याशिवाय कुणाला लागत नाही आणि उशीर झाला म्हणून कुणाचा दरवाजा बंद झाला असं आजवर घडलेलं नाही.

घरी त्या या कामाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. नवरा शाळेत कवायत शिकवायचा. बायको तीस वर्षं काही तक्रार करत नाही म्हणजे ती सुखात आहे, असा त्याचा पक्का समज आहे. नणंद मात्र त्यांच्याकडेच राहते आणि तिचा कशावरच पक्का समज नसल्यामुळे ती विचारत राहते.

"वहिनी, एकदा काय ते ठरव बाई. तू करतेस ते पाप की पुण्य?"

"मी दार लावते."

"ते कोणीही लावेल."

"लावत नाही ना कोणी."

याच्या मागे एक जुनी चूक आहे. कडीबाई तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या, नाव अजून पडलेलं नव्हतं. एक बाई आली, सोबत सासू, जाऊ आणि नवरा. फॉर्म भरायला त्यांनी घेतला. प्रश्न त्या बाईला विचारले, उत्तरं सासूने दिली, आणि ती इतकी मुद्देसूद होती की फॉर्म पाच मिनिटांत झाला. शेवटी त्यांनी विचारलं, "चालेल ना?" चार माना हलल्या, त्यांतली एक तिची. सही झाली. दुपारी सगळं उरकल्यावर कडीबाई तिला पाणी द्यायला गेल्या तेव्हा ती गुंगीतून नुकती बाहेर येत होती. तिने विचारलं, "सिस्टर, आता मला विचारणार ना?"

तिला वाटत होतं, विचारायचं अजून राहिलंय.

पुढच्याच वर्षी उलटं झालं. पोस्टात काम करणारी एक अडतीस वर्षांची बाई भावाबरोबर आली. भाऊ म्हणाला, आमच्या घरात असलं काही होत नाही, तिलाही नकोच आहे, चुकून नाव घातलं. आणि घेऊन गेला. ती जाताना दोनदा मागे वळली. दीड वर्षाने ती बाळाला लस द्यायला आली. बाळ गुटगुटीत होतं, कुणाच्याही कडेवर जात होतं. ती म्हणाली, "गोड आहे हो. जीव की प्राण आहे माझा. पण त्या दिवशी तुम्ही मला थांबवायला हवं होतं. विचारायला तरी."

त्या आठवड्यात कडीबाईंनी चादरींची खोली मागून घेतली. सुताराला बोलावून कडी बसवली. नियमाचा प्रश्न निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, खोलीत मी स्वतः असते, कोणी कोसळलं तर मीच कडी काढीन. या उत्तरात खोट काढायला वरिष्ठांना वेळ हवा होता; तो त्यांना चौतीस वर्षं मिळाला नाही.

आता रुग्णालयातल्या वादाकडे. गर्भपात नैतिक की अनैतिक हा प्रश्न जगात कुठे सुटलेला नाही, पण तो रोज दुपारी सव्वादोन वाजता कुठे मांडला जातो हे सांगता येईल: कॅन्टीनमधल्या कोपऱ्यातल्या टेबलावर. एका बाजूला स्त्रीरोग विभागाचे मोठे डॉक्टर. उमेदवारीच्या काळात त्यांच्या समोर एक मुलगी गेली होती. घरातल्या घरात काहीतरी काढा पिऊन, काड्या घालून, उशिरा आणलेली. तिचं नाव त्यांना अजून पाठ आहे. दुसऱ्या बाजूला फरश्यांचे व्यापारी असलेले विश्वस्त. आईला सगळ्यांनी हे मूल ठेवू नकोस म्हटलं होतं, तिने ठेवलं, आणि ते मूल म्हणजे आपण, ही गोष्ट ते कुणालाही सांगतात. दोघं प्रामाणिक. दोघं वाचलेले. अकरा वर्षं ते एकमेकांना पटवत होते आणि अकरा वर्षांत एकाही मुद्द्यावर त्यांचं एकमत झालं नव्हतं. बिस्किट चहात बुडवावं की नाही यावरही नाही.

ते एकमत अखेर झालं, कडीबाईंच्या कडीवर.

निमित्त एका वजनदार गृहस्थांचं. सुनेबरोबर आले होते, बाहेर काढले गेले, आणि त्यांनी दोन पानी तक्रार पाठवली: कुटुंबप्रमुखास दाराबाहेर काढण्यात आलं, बाकावर तीनच माणसं मावत असल्यामुळे उभं राहावं लागलं, आत काय चाललं आहे याची माहिती मागितली असता औषधांच्या खिडकीतून हसण्यात आलं.

विश्वस्त म्हणाले, कुटुंबाला बाहेर काढून असा निर्णय घ्यायला लावणं हेच मुळात पाप आहे. घरची माणसं आत हवीतच. डॉक्टर म्हणाले, प्रौढ बाई आहे, सही केली, संपलं. आत बसवून घड्या घालायला लावणं म्हणजे तिला पुन्हा कुणाच्या तरी मर्जीवर ठेवणं. आणि वेळ किती जातो! वर माझं टेबल रिकामं असतं. एकाला दार उघडं हवं होतं, दुसऱ्याला दारच नको होतं. कडी काढावी, यावर दोघांनी एकाच दिवशी, एकाच पेनाने सही केली. कॅन्टीनवाल्याने ते पाहिलं आणि चहा फुकट दिला, इतका त्याला धक्का बसला.

चौघांची समिती नेमली गेली. हे दोघं, टिपणं घ्यायला व्यवस्थापक, आणि अध्यक्ष म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्या बोलायच्या कमी आणि चष्म्यावरून बघायच्या जास्त. व्यवस्थापक कामाला वाघ. बैठकीचा निकाल ठरलेलाच आहे असं धरून त्याने कडी काढण्याचा आदेश आदल्या दिवशीच सुताराकडे पाठवून दिला. फॉर्मवर खूण करायची चौकट छापायलाही टाकली: ‘स्वतःच्या इच्छेने: होय / नाही’.

कडीबाईंना कळलं तेव्हा त्या नणंदेशी पहिल्यांदाच आपणहून कामाबद्दल बोलल्या. "उद्या कडी काढणार आहेत."

नणंद पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "मग तू काय करणार?"

"कडीशिवाय मी त्या खोलीत बसणार नाही. चादरी मोजीन."

"तेरा महिने राहिलेत तुझे. गप बसून काढले असतेस."

"गप बसूनच ते झालं होतं ना," कडीबाई म्हणाल्या. पाप-पुण्याचा प्रश्न त्या रात्री निघाला नाही. नणंदेने त्यांच्या डब्यात एक पोळी जास्त घातली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला समिती ‘प्रत्यक्ष पाहणी’साठी त्या खोलीत शिरली. खोली चादरींसाठी बांधलेली. चार माणसं, कडीबाई, टेबल आणि घड्यांचा ढीग मिळून श्वास घ्यायला पाळी लावावी लागत होती. डॉक्टरांनी कडी वर-खाली करून पाहिली. विश्वस्तांनीही केली. व्यवस्थापकाने लिहून घेतलं: ‘कडी चालू स्थितीत.’

"सिस्टर," विश्वस्त म्हणाले, "माझा एकच सरळ प्रश्न आहे. इथून बाहेर पडल्यावर किती जणी वर जातात आणि किती घरी?"

"मोजत नाही."

"चौतीस वर्षांत मोजलं नाही?" हे डॉक्टर, त्यांनाही तोच आकडा हवा होता, उलट्या कामासाठी.

"मोजलं असतं तर तुमच्यापैकी कोणीतरी तो भिंतीवर लावला असता. मग पुढच्या बाईने तो वाचला असता."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"बरं, तुमचं स्वतःचं मत काय?" विश्वस्तांनी विचारलं. "हे बरोबर की चूक? इतक्या वर्षांत काहीतरी मत झालंच असेल."

"झालंय की."

"मग सांगा."

"ते घरी असतं. इथे मी फक्त डबा आणते."

व्यवस्थापकाने ‘डबा’ लिहिलं आणि खोडलं. डॉक्टर घसा साफ करून ठरावाकडे वळणार, एवढ्यात दार लोटलं गेलं. अकरा वाजले होते आणि अकराची बाई आली होती: शिवणकारखान्यात कॉलर लावणारी, तिशीची, हातात दोन पिशव्या आणि काखेत फाइल. मागे नवरा आणि सासू. आत चार अनोळखी माणसं बघून ती थबकली, पण सासूला असल्या गोष्टींचं काही वाटत नाही. तिने समितीलाच सुनवायला सुरुवात केली.

"डॉक्टर, हिला समजवा. तिसरं झालं म्हणून काय बिघडतं? मी आहे ना सांभाळायला."

"आई, तू गुडघे सांभाळ आधी," नवरा म्हणाला. "साहेब, परवडत नाही. ठरलंय आमचं. तीसुद्धा हो म्हणालीय."

"कधी म्हणाली? माझ्याशी तर नाही म्हणाली."

कॉलरवाली पिशव्या धरून उभी होती. कडीबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मान डोलावली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"बाहेर."

नवरा आणि सासू वळले. समिती उभीच.

"सगळे," कडीबाई म्हणाल्या.

"सिस्टर," विश्वस्त समजावणीच्या सुरात म्हणाले, "आम्ही समिती आहोत."

"असाल. अकरा वाजलेत. बाहेर."

डॉक्टर म्हणाले, "हा आमचाच विषय—"

"तिचा आहे. बाहेर."

सगळ्यांत आधी अध्यक्षबाई वळल्या. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला कुठला आवाज ऐकायचा असतो हे कळतं. त्यांच्यामागे बाकीचे निघाले, आणि त्यांच्या पाठीवर कडी पडली. खण्ण.

बाकावर तीन माणसं मावतात. सासू बसली होती, शेजारी तिने स्वतःची पिशवी ठेवली होती. उरलेल्या जागेवर अध्यक्षबाई बसल्या. विश्वस्त, डॉक्टर, नवरा आणि व्यवस्थापक भिंतीला टेकून उभे राहिले. व्यवस्थापकाने सवयीने लिहिलं: ‘११.०२. समिती बाहेर.’ औषधांच्या खिडकीतून कोणीतरी खरोखरच हसलं.

सासूने विश्वस्तांना आपादमस्तक न्याहाळलं. "तुमची कोण आहे आत?"

"माझी? कोणी नाही."

"मग एवढा घाम का फुटलाय?"

विश्वस्तांनी रुमाल काढला. "काकू, मला या विषयाची फार कळकळ आहे. माझ्या आईला सगळ्यांनी सांगितलं होतं, मूल ठेवू नकोस. तब्येत तोळामासा होती तिची. नवरा, दीर, वैद्य, सगळे एका बाजूला. तिने कुणाचं ऐकलं नाही. म्हणून मी आहे."

"घ्या!" सासू मुलाकडे वळली. "ऐक, ऐक जरा!" मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने पुन्हा विचारलं. "पण एवढ्या सगळ्यांपुढे बोलली कशी हो ती? त्या काळात?"

विश्वस्त ही गोष्ट आयुष्यभर सांगत आले होते, पण हा प्रश्न त्यांना कुणी केला नव्हता. ते उत्तर द्यायला लागले आणि निम्म्यातच त्यांचा वेग कमी झाला.

"बोलली नाही. सगळे ओट्यापाशी जमून वाद घालत होते. ती उठली, न्हाणीघरात गेली... आणि आतून कडी लावून घेतली. तासभर बसली म्हणायची. बाहेर आली तेव्हा तिचं ठरलं होतं."

ते दाराकडे बघत राहिले. डॉक्टरांना अकरा वर्षांत पहिल्यांदाच प्रतिपक्षाला हरवायची आयती संधी चालून आली होती, आणि त्यांनी ती सोडली. अर्थात त्यांचं सगळं लक्ष हातातल्या घड्याळावर होतं हेही खरं.

तेवढ्यात आतून हसणं ऐकू आलं. दोन बायकांचं, मोकळं. भिंतीला टेकलेले चौघंही ताठ झाले. दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात रडण्याची, घाबरण्याची, पश्चात्तापाची सोय होती. हसण्याची कुणीच केली नव्हती. नवरा हळूच म्हणाला, "घरी अशी हसत नाही हल्ली."

कडी निघाली. कॉलरवाली दारात आली. हातात काही नव्हतं. पिशव्या आत टेबलावरच राहिल्या होत्या. तिने आधी सासूकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"तुमचं ऐकलं, आई. तुमचंही ऐकलं. आता माझं ठरलंय, ते ऐकायचं. घरी गेल्यावर. मी भांडी घासताना नाही, समोर बसून."

"अगं, पण काय ठरलं ते तरी—" सासूने सुरुवात केली.

"ठरलंय," ती म्हणाली आणि चालू लागली.

नवरा आत धावला, पिशव्या उचलल्या, फाइल काखेत मारली आणि तिच्या मागून निघाला. सासू गुडघ्यांवर हात ठेवून उठली. जाताना तिने विश्वस्तांना सांगितलं, "तुमची आई खमकी होती हो," आणि लगबगीने सुनेला गाठायला गेली. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत कॉलरवाली पुढे, रिकाम्या हातांनी, आणि तिची माणसं मागे, सामानासकट. तिने काय ठरवलं ते फॉर्मवर लिहिलेलं होतं, फॉर्म कपाटात गेला होता आणि कपाटाची किल्ली कडीबाईंच्या कमरेला होती.

"नऊ मिनिटं चाळीस सेकंद," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात हरल्याचं नव्हे, आपला हिशेब चुकल्याचं दुःख होतं. "मी तासभर धरत होतो."

"हसलात कशाला?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माझ्या घड्यांना नावं ठेवली तिने," कडीबाई म्हणाल्या. "म्हणाली, सिस्टर, तुमची कड वाकडी येते, आमच्या कारखान्यात तुम्हाला तासभर ठेवणार नाहीत. चौतीस वर्षांत कोणी बोललं नव्हतं." त्यांनी तिची एक घडी दाखवली. चारही कोपरे काटकोनात होते.

समिती पुन्हा आत गेली नाही. बैठक कॉरिडॉरमध्येच झाली. विश्वस्तांनी ठराव मांडला: कडी राहावी, आणि दहा मिनिटं सर्वांना बंधनकारक असावीत, त्यात समितीसुद्धा आली. डॉक्टरांनी अनुमोदन दिलं आणि जोड दिली की छापलेली चौकट रद्द करावी. अध्यक्षबाईंनी दुरुस्ती सुचवली: बाक सहा माणसांचा करावा. तीन मिनिटांत सगळं मंजूर झालं. त्यावर दोघांनी सही केली, पुन्हा एकाच पेनाने. मग सव्वादोन वाजता ते कॅन्टीनमध्ये गेले आणि गर्भपात बरोबर की चूक यावर पहिल्याइतक्याच तावातावाने भांडले. तो प्रश्न अजून तिथेच आहे, कोपऱ्यातल्या टेबलावर, आणि कोणाला जाऊन त्यात भाग घ्यायचा असेल तर खुर्ची रिकामी असते.

संध्याकाळी कडीबाई घरी पोचल्या तेव्हा नणंद दारातच उभी होती.

"काय झालं?"

"बाक मोठा करणार आहेत."

"आणि कडी?"

"आहे."

नणंदेने आत वळून भावाला ओरडून सांगितलं, "अरे, वहिनी जिंकली!" तो कवायतीच्या आवाजात म्हणाला, "कशात?" आणि दोघींपैकी कोणी त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला. हा जुन्या सुताराचा मुलगा, स्वतः आता पन्नाशीचा. त्याच्या हातात व्यवस्थापकाच्या सहीचे दोन कागद होते.

"सिस्टर, यावर लिहिलंय, कडी काढा. यावर लिहिलंय, कडीचे स्क्रू बदलून घट्ट करा. तारखा दोन दिवसांच्या. कुठलं खरं?"

"घट्ट कर."

त्याने पेटी उघडली. जुने स्क्रू गंजलेले होते, त्याच्या बापाने बसवलेले. एकेक काढताना तो त्यांना शिव्या देत होता. नवा एक बसला, दुसरा बसला, तिसरा बसला. चौथा त्याच्या दातांत होता तेव्हा दार लोटलं गेलं. एक मुलगी, तिची आई, मावशी आणि एक उंच गृहस्थ, ज्यांनी आल्याआल्याच बोलायला सुरुवात केली. कडीबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मान डोलावली.

"बाहेर."

सुतार दातांतला स्क्रू सांभाळत म्हणाला, "सिस्टर, एकच राहिलाय."

"तीनवर धरेल. तूसुद्धा."

तो पेटी उचलून बाकाकडे निघाला, आणि त्याच्या मागे कडी पडली. तीनवर धरली.